बायको जर्मनीत एमएसला गेलीय, भेटायला जायचंय. कधी जाऊ, किती दिवस, काय न्यायचं?

केळीबाग_रावेर (3 नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी, इथं नुसतं वाचत असतो, लिहायची पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी रावेर तालुक्यातला. बीबियाणं, खतं आणि ठिबकच्या लॅटरल असं दुकान आहे, सोबत घरची केळी. मागच्या डिसेंबरात लग्न झालं आणि सप्टेंबरात मिसेस आखेनला गेली एमएस करायला. लग्नाआधीच ठरलेलं होतं, तिचं अॅडमिशनचं चालू होतं तेव्हाच मी हो म्हटलेलं, त्यामुळे कोणी फसवलं वगैरे काही नाही. गावात मात्र रोज कोणीतरी विचारतंच, काय रे भो, वहिनी आल्या का, जशी काही ती भुसावळला मावशीकडे गेलीय.

आता मुद्दा. डिसेंबरात लग्नाचा पहिला वाढदिवस आहे, तर मनात होतं की न सांगता जाऊन उभं राहायचं. मग म्हटलं आधी जरा अंदाज घ्यावा म्हणून सहज विचारलं की डिसेंबरात आलो तर, तर ती एकदम म्हणाली डिसेंबर नको, फेब्रुवारीत एक्झाम आहेत, नंतर बघू. बस एवढंच. खरं सांगतो, वाईट वाटलं. आमचं बोलणंही कमीच होतं, हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक आहे, ती जेवूनखाऊन आठला मोकळी होते तेव्हा इथं साडेबारा झालेले असतात आणि मला कटाई असली की पहाटे चारला गाडी भरायला बागेत जावं लागतं. दोन वाक्यं बोलून मीच झोपतो.

तर व्हिसाचं कसं असतं, किती दिवस जावं, हॉस्टेलवर राहू देतात का, आणि आई दोन गोण्या भरायच्या तयारीत आहे त्यातलं काय नेता येतं ते सांगा. आधी कधी विमानात बसलेलो नाही हेही सांगून ठेवतो.

धुळेकर_भो (3 नोव्हेंबर)

भो, सरप्राइज कसं देशी तू? बोलावाना कागद तर तीच धाडी ना! 😄

गंमत सोड, पण खरंच, व्हिसाच्या फाइलमध्ये तिच्या सहीचं इन्व्हिटेशन लेटर लागतं, तिच्या पासपोर्टची आणि रेसिडेन्स परमिटची कॉपी लागते, कॉलेजचा दाखला लागतो. म्हणजे सरप्राइजचा विषय इथंच संपला.

चाळीसगाव_ते_पुणे (4 नोव्हेंबर)

व्हिसाचं मी सांगतो कारण माझा पहिला शेंगेन (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) व्हिसा रिफ्यूज झालेला आहे आणि तो माझ्याच शहाणपणामुळे. एका एजंटने सांगितलं खात्यात पैसे दिसले पाहिजेत, म्हणून कापसाचे आलेले पैसे आणि काकांकडून हातउसने घेतलेले असे मिळून साडेचार लाख अर्ज करायच्या आठ दिवस आधी एकदम भरले. वर्षभर ज्या खात्यात वीस-पंचवीस हजार फिरतात तिथं अचानक साडेचार लाख, कोणालाही शंका येईल. नकाराच्या कागदावर टिक कुठं होती तर, मुदतीत परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका. तेव्हा खात्यात जे आहे तेच दिसू द्या, फक्त आत्तापासून दुकानाचा गल्ला घरात ठेवण्यापेक्षा नियमित बँकेत भरत जा.

तुमच्यासारख्या धंदा-शेतीवाल्याला सॅलरी स्लिप नसते, म्हणून परत येणार हे कागदावरच दाखवावं लागतं. दुकानाचं लायसन्स, जीएसटी, तीन वर्षांचे आयटीआर, सातबारा (इंग्रजीत भाषांतर करून), केळीच्या व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्या असतील तर त्याही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून बरेच जण आयटीआरमध्ये दाखवतच नाहीत, सीएला सांगून एक्झम्प्टच्या रकान्यात दाखवा, नाहीतर बँकेत पैसा दिसतो आणि रिटर्नमध्ये दिसत नाही. आणि लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र काढलंय का? आपल्याकडे हजार माणूस जेवून जातं पण नोंदणीला कोणी जात नाही. नसेल तर उद्याच लागा.

तिनं तुमच्या खर्चाची हमी घ्यावी असा एक जर्मन सरकारी कागद असतो, नाव मला अजून उच्चारता येत नाही, पण स्टुडंटला तो मिळणं अवघड. तिच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) महिन्याला 992 युरो निघत असतील, त्यात तिचंच कसंबसं भागतं. तुम्ही स्वतःच्या पैशावर जातोय असाच अर्ज करा.

बाकी, फी 90 युरो, अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीचा चार्ज वेगळा. इन्शुरन्स किमान 30,000 युरो कव्हरचा, तोही सगळ्या शेंगेन देशांत चालेल असा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निकाल साधारण 15 दिवसांत येतो पण 45 पर्यंत लांबू शकतो, म्हणून दोन महिने हातात ठेवा. तिकीट पक्कं काढून बसू नका, रिझर्वेशन जोडलं तरी चालतं. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला किंवा पुण्याला स्वतःच जावं लागेल. आणि एक, जर्मनीने नकार दिला तर आधी फुकटात फेरविचार मागता यायचा, ते 1 जुलै 2025 पासून बंद झालंय. आता एकतर नवीन अर्ज नाहीतर कोर्ट. त्यामुळे पहिलीच फाइल नीट करा.

तापीकाठचा (4 नोव्हेंबर)

एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एवढा खर्च करून पंधरा-वीस दिवस जाऊन करायचं काय? त्या पैशात तिलाच तिकीट काढून द्या, घरी येईल, आईवडिलांना भेटेल, सासूसासऱ्यांना भेटेल. नवऱ्याने बायकोच्या मागे जाणं आपल्याकडे शोभत नाही. आमच्या वेळी लोक नोकरीला आखाती देशात जायचे, दोन-दोन वर्षं बायका इकडेच राहायच्या, कोणी भेटायला जात नव्हतं.

भुसावळची_लेक (5 नोव्हेंबर)

तापीकाठ काका, त्या बायकांना कोणी विचारलं होतं का जायचंय का म्हणून? असो.

रावेरवाले दादा, मी 2017 ते 2019 जर्मनीतच होते, तुमच्या मिसेसच्या जागेवर. म्हणून तिकडून कसं दिसतं ते सांगते. माझे मिस्टर आले होते जुलैत, बरोब्बर माझ्या परीक्षेत. माझी खोली बारा चौरस मीटरची, पलंग नव्वद सेंटिमीटर रुंद, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं तर दोघांनी ठरवून एकदम वळायचं. यांना जेट लॅग, पहाटे चारला जाग यायची, मग मला त्रास नको म्हणून बिचारे हळूच किचनमध्ये जाऊन भांडी घासायचे, आणि किचन सहा जणांचं, तिथं रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही असा नियम. तिसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी. मी लायब्ररीत, हे बाहेर बाकावर बसलेले, दर तासाला मेसेज, झालं का. रविवारी दूध संपलं, म्हणाले खाली जाऊन घेऊन येतो, आता रविवारी सगळी दुकानं बंद असतात हे त्यांना माहीतच नाही, अर्धं गाव फिरून आले आणि चिडले माझ्यावर, जसं काही मीच बंद केलीत. त्या संध्याकाळी कपडे धुवायच्या खोलीत जाऊन मी मशीनचं ड्रम फिरताना बघत रडले होते, चाळीस मिनिटांचं प्रोग्रॅम होतं, तेवढाच एकांत.

आणि दुसरी गोष्ट जी मी त्यांना खूप नंतर सांगितली. मला लाज वाटत होती. इकडे सगळ्यांना वाटायचं पोरगी फॉरेनला आहे, आणि मी शनिवारी बेकरीत ट्रे धुवायला जायची, आठवडाभर तोच पास्ता खायची. फोनवर ते झाकता येतं, माणूस खोलीत आल्यावर नाही झाकता येत.

तुम्हाला येऊच नको असं ती कुठं म्हणालीय? डिसेंबर नको म्हणाली. तिथं नाताळची सुट्टी दोन आठवड्यांची असते पण ती सुट्टी अभ्यासाचीच असते, कारण पुढच्या महिन्या-दीड महिन्यात पेपर. पहिल्या सेमिस्टरला तर कळतच नाही की पेपर कसा येतो. तिला विचारा शेवटचा पेपर किती तारखेला आहे, आणि त्याच्या दोन दिवसांनंतरचं तिकीट काढा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेर लेक्चर नसतात. तुमच्याही बियाण्याचा सीझन मेपासून ना? मग मार्च दोघांनाही जमेल.

हॉस्टेलवर पाहुणा ठेवायचा तर किती रात्री चालतो हे प्रत्येक ठिकाणी वेगळं, हाउसमाइस्टरला (बिल्डिंग सांभाळणारा माणूस) तिनं आधीच विचारून मेल घेऊन ठेवावा. नाहीतर सुट्टीत गावी गेलेल्या कोणाची खोली रीतसर भाड्याने मिळते का बघा, दोघांनाही श्वास घेता येईल.

केळीबाग_रावेर (5 नोव्हेंबर)

ताई तुमचं वाचून गप्पच बसलो थोडा वेळ. तिचं पण किचन शेअरिंगचंच आहे. शनिवारी फोन उचलत नाही ती, मला वाटायचं मैत्रिणींसोबत फिरत असेल. आज विचारतो.

तापीकाठ काका, राग नाही. पण तिकीट काढून दिलं तरी ती इकडे आली की आठ दिवस नातेवाइकांत जातील, मला काय मिळणार.

आखाजी_स्पेशल (6 नोव्हेंबर)

खायचं माझ्याकडे सोपवा 🙋‍♀️ माझी बहीण तिकडेच असते आणि आम्ही दरवेळी बॅग भरताना भांडतो.

आधी जे नेता येत नाही ते. दूध आणि मांस यातलं काहीच युरोपात बाहेरून नेऊ देत नाहीत, म्हणजे पेढा नाही, खव्याचं काही नाही, आणि आईंना वाईट वाटेल पण साजूक तूपही नाही. डब्यावर काय लिहिलंय याने फरक पडत नाही, सापडलं तर काढून टाकतात, वर दंडही होऊ शकतो. ताजी भाजी-फळं न्यायची तर सरकारी फायटो सर्टिफिकेट (मालात रोग-कीड नाही असा दाखला) लागतं, त्यामुळे भरताची वांगी विसरा, आपल्या जळगावच्या वांग्याला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला म्हणून कस्टमवाला सोडणार नाही. कढीपत्ता तर अजिबात नको.

पण आता गंमत ऐका. पाच फळांना त्या सर्टिफिकेटमधून सूट आहे, अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि केळी. हो, केळी! रावेरचा माणूस केळी घेऊन जाऊ शकतो 😂 अर्धकच्ची न्या, हातातल्या बॅगेत, नाहीतर खाली दबून शिकरण होईल.

बाकी कोरडं बिनधास्त न्या. दादरचं (रब्बी ज्वारीचं) पीठ, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, काळा मसाला, उडदाचे पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, शेंगदाण्याची चटणी, तिखट शेव. लोणचं दोन पिशव्यांत बांधून चेक-इनला टाका, तेल गळलं तर सगळ्या कपड्यांना वास. पीठ पारदर्शक पिशवीत भरा आणि वर इंग्रजीत नाव लिहा, पांढऱ्या पिठाच्या बिनानावाच्या पुड्या उगाच उघडून बघतात. आणि दोन गोण्या म्हणालात, आधी तिकिटावर किती किलो लिहिलंय ते बघा, बऱ्याच तिकिटांत 23 किलोची एकच बॅग असते.

अजून एक. मिरचीची फोडणी घालताना खिडकी उघडा आणि किचनचं दार लावून घ्या. छताला स्मोक डिटेक्टर असतो. बहिणीनं शेवभाजीचा मसाला भाजला आणि अख्ख्या बिल्डिंगचा अलार्म वाजला, पोरं नाइट ड्रेसवर खाली थंडीत उभी, आणि ही कढई घेऊन.

धुळेकर_भो (6 नोव्हेंबर)

आखाजीले (अक्षय तृतीयेला) लेक माहेरले येस, आठे जावई आखाजीना आदीच चालना सासुरवाडी सोडी परदेशले 😄

भो, तिकडचं रेल्वेचं बघून ठेव. डॉइचलांडटिकेट म्हणून महिन्याचा पास आहे, जानेवारी 2026 पासून 63 युरो, सगळ्या लोकल आणि रीजनल गाड्या, बस, ट्राम त्यात येतात. फास्ट आयसीई चालत नाही त्यावर, तिकडे चढशील तर टीसी सोडणार नाही. आणि तो पास आपोआप पुढच्या महिन्याला रिन्यू होतो, 10 तारखेच्या आत कॅन्सल करावा लागतो. माझा चुलतभाऊ इकडे नाशिकला परत येऊन बसला आणि पैसे तिकडे कटत होते.

केळीबाग_रावेर (9 नोव्हेंबर)

विचारलं. शनिवारी ती गोडाऊनमध्ये पार्सल लावायला जाते, सहा तास. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायला परवानगी असते म्हणे स्टुडंटला, सगळं रीतसर आहे, पण मला सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटलं मी म्हणेन आपल्या घरात काय कमी होतं म्हणून. आणि खरंय, म्हटलंच असतं. मी म्हटलं मी पण पहाटे चारला गाड्याच भरतो, तू पार्सल भर. मग हसली. त्या दिवशी अडीच वाजेपर्यंत बोललो, सकाळी बागेत गेलोच नाही, वडिलांनी बघून घेतलं.

शेवटचा पेपर 6 मार्चला आहे. डिसेंबरचा वाढदिवस व्हिडिओवरच करायचा ठरलंय.

चाळीसगाव_ते_पुणे (10 नोव्हेंबर)

मस्त. मग डिसेंबरच्या शेवटी अपॉइंटमेंट घ्या. कव्हर लेटर स्वतः लिहा, एजंटचं छापील नको. तिला भेटायला चाललोय, अमुक तारखेला परत, मेमध्ये बियाण्याचा सीझन आहे म्हणून परत यावंच लागतं, असं सरळ लिहा. तुमच्या केसमध्ये तोच सगळ्यात मजबूत पुरावा आहे.

केळीबाग_रावेर (19 मार्च)

मंडळी, आखेनवरून लिहितोय. धागा वर काढतोय कारण ज्यांनी मदत केली त्यांना सांगायला पाहिजे.

व्हिसा सतरा दिवसांत आला, फक्त 30 दिवसांचा आणि एका वेळेचा, पण आला. फ्रँकफर्टला इमिग्रेशनला बोटं आणि फोटो घेतले, नवीन सिस्टीम आहे. साहेबाने विचारलं कोणाकडे, मी म्हटलं वाइफ, स्टुडंट. किती दिवस, एटीन. बस. एवढ्यासाठी मी विमानात आठ तास इंग्रजी पाठ करत होतो. कस्टममध्ये हिरव्या दारातून सरळ बाहेर. केळी दोन डझन आणली होती आमच्याच बागेतली, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोनच काळी पडली.

इथल्या दुकानात केळी बघितली. एकसारखी, डाग नाही, प्रत्येक फणीवर स्टिकर, कोलंबिया, इक्वेडोर. किलोला सव्वा-दीड युरो. मी तिथंच उभा राहून क्विंटलचा हिशोब करत बसलो आणि रावेरच्या बोर्ड भावाशी (केळीचा रोज जाहीर होणारा भाव) लावला, ती म्हणाली चल आता, लोक बघतायत. तिच्या फ्लोअरवरच्या सगळ्यांना आपली एक-एक दिली. एक व्हिएतनामची मुलगी आहे, तिनं साल काढून वास घेतला आणि काही बोललीच नाही, दुसरं मागितलं.

भुसावळच्या ताई, तुमच्यामुळे एक काम केलं. तिच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा सुट्टीत गावी गेलाय, हाउसमाइस्टरला मेल करून त्याची खोली घेतली दोन आठवड्यांसाठी. पहिले चार दिवस ती फक्त झोपली. खरंच, जेवायची आणि झोपायची. मी एकटाच फिरलो, ट्रामवजा बस पकडून नेदरलँड्समधल्या व्हाल्सपर्यंत जाऊन आलो, तिथं टेकडीवर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स एका दगडापाशी मिळतात. 322 मीटर उंची, आणि नेदरलँड्सवाले त्याला डोंगर म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसाने काय बोलावं. फोटो काढून वडिलांना पाठवला, त्यांचा रिप्लाय आला, कुंपण कुठंय.

एकदा भांडण पण झालं, लपवत नाही. तिचा प्रोजेक्टचा मेल आला तर ती दिवसभर लॅपटॉपवर, मी म्हटलं मी इतक्या लांबून आलो, ती म्हणाली मी पण इतक्या लांबच राहते. त्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

आई रोज विचारते तूप का नाही नेलं. दादरची भाकरी थापायला मी इथं शिकलो, घरी कधी पीठाला हात लावला नव्हता, पहिल्या तीन तर नकाशेच झाले. आज ती ग्रुपसोबत लायब्ररीत गेलीय, सहाला येईल. वरण शिजवून ठेवलंय, बट्टी ओव्हनमध्ये टाकलीय, फोडणी तेलाचीच द्यायची आहे. खिडकी उघडी आहे, दार लावलंय, बाहेर चार डिग्री आहे आणि मी जॅकेट घालून गॅसपाशी उभा आहे.